कार्डावर ब-१, वाटीत सतरा फुटाणे

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एका पालकाचा फोन आला. "सर, सुट्टी हाय तुमची, ठावं हाय. पण पाच मिनिटं घरी यायचं जमंल का? पोराचं कार्ड घिऊन बसलोय." आवाजात भांडण नव्हतं. त्यामुळेच धास्ती वाटली.

शाळा सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, विट्यापासून फार लांब नाही. जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंत, पट सत्तावीस. पहिली-दुसरी मुख्याध्यापक मॅडमकडे, तिसरी-चौथीची चौदा मुलं माझ्याकडे. या भागात कुणाच्या घरी गेलात की एक तरी माणूस गलाईच्या धंद्यात निघतोच. जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा हा धंदा. पाणी नव्हतं म्हणून माणसं बाहेर पडली आणि देशभरच्या सराफकट्ट्यांत भट्ट्या लावून बसली. आता टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी काही शिवारांत आलं, पण भट्ट्या तिकडेच राहिल्या. चौदापैकी सहा मुलांचे वडील परराज्यात आहेत. ज्यांचा फोन आला ते त्यातलेच एक, कोइंबतूरला; मुलगा तिसरीत. आई आणि धाकटी बहीण त्यांच्याबरोबर, आणि मुलगा इथं आजीजवळ. तिकडच्या शाळेत तमिळ नाहीतर इंग्रजी, म्हणून मराठी होईपर्यंत गावात ठेवलेला. हे कारण लक्षात ठेवा. मराठी नीट यावं एवढ्याचसाठी ज्या पोराला आईपासून लांब ठेवलं, त्याच्या मराठीबद्दल हे प्रकरण आहे.

सुट्टी लागायच्या आधी पहिल्या सत्राची प्रगतिपत्रकं दिली होती. आजीनं शाळेत येऊन अंगठा केला. मी कार्डाचा फोटो काढून वडिलांना पाठवला. त्यांनी हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. मराठीला ब-१. 'विशेष प्रगती'च्या रकान्यात 'कथा, कविता समजपूर्वक ऐकतो व स्वतःच्या शब्दांत सांगतो'. 'आवड व छंद'मध्ये 'गाणी म्हणणे'. 'सुधारणा आवश्यक'मध्ये 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे'. तिन्ही वाक्यं वर्णनात्मक नोंदींच्या तयार यादीतली. ही यादी शिक्षकांच्या मोबाईलवर वर्षानुवर्षं फिरते आहे. मी ती वापरतो हे कबूल करायला लाज वाटत नाही. चौदा मुलं, सात-आठ विषय, तीन रकाने, दोन सत्रं, हा गुणाकार करून बघा.

घरी गेलो तर वडिलांच्या हातात कार्ड नव्हतं, लग्नपत्रिका होती. भावकीतलं लग्न. वडील सहज म्हणाले, वाच रे, हळद कधी हाय बघ. पोरानं जोरात सुरुवात केली, "आमचे येथे श्रीकृपेकरून..." कुठंही न अडखळता. पत्रिकेची ही सुरुवात गावातल्या प्रत्येक पोराच्या कानावर पडलेली असते. 'चि. सौ. कां.' पण झोकात. पुढं मुहूर्ताची ओळ आली आणि गाडी थांबली. मग त्यानं जे केलं ते वडिलांच्या मनाला लागलं. त्यानं वाचायचं थांबवलं नाही, बनवून सांगितलं. "हळद बुधवारी, दहा वाजता." पत्रिकेत वार शुक्रवार होता.

"सर, तुमच्यावर राग न्हाय," वडील म्हणाले. "आमच्याकडं दागिना आला की आधी टंच काढतो. सोनं किती, भेसळ किती. वरची नक्षी बघून पैसं देत न्हाई कुणी. मला एवढंच सांगा, हे ब-१ म्हंजे टंच हाय का नक्षी?"

मी काहीतरी बोललो, सर्वंकष विकास वगैरे. आता आठवत नाही, आणि नाही आठवत तेच बरं.

चुलीपाशी बसलेली आजी तेवढ्यात म्हणाली, "मला आखाडापास्नं ठावं हाय. गोळ्यांच्या पाकिटावरचं वाचाय लावलं की कायबी सांगतोय."

"मग आजी, मला का नाही सांगितलं?"

"इचारलं कुनी? तुमी म्हनला अंगठा द्या. दिला."

आखाड म्हणजे जुलै. मी ब-१ लिहिला तेव्हा त्या बाईला खरी श्रेणी चार महिने माहीत होती.

चौऱ्याहत्तर गुण कुठून आले

सुट्टी संपल्यावर मी नोंदवही उघडली. मी कुठं खोटं लिहिलंय का, हेच आधी बघायचं होतं. खोटं कुठंच नव्हतं.

आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन शिक्षण हक्क कायद्यामागोमाग आलं. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि राज्याचा शासन निर्णय २० ऑगस्ट २०१० चा. मुलाच्या प्रगतीचे दोन भाग केले गेले. वर्षभर चालणारं आकारिक आणि सत्राच्या शेवटी संकलित. पहिली-दुसरीला आकारिकला ७० गुण आणि संकलितला ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मं-निम्मं, सातवी-आठवीला ४० आणि ६०. लहान मूल तीन तासांच्या पेपरात कळत नाही, रोजच्या वागण्या-बोलण्यात कळतं, हा त्यामागचा विचार. मला तो आजही पटतो. माझ्या वडिलांच्या वेळी 'पास', 'नापास' किंवा 'वर घातला' एवढे तीनच शब्द घरी यायचे. तिथं परत जावं असं मला अजिबात वाटत नाही.

या मुलाचं आकारिक असं होतं. दैनंदिन निरीक्षण १० पैकी ९, तोंडी काम १५ पैकी १४, उपक्रम १० पैकी ९, छोटी लेखी चाचणी १५ पैकी ९, स्वाध्याय १० पैकी ९. बेरीज ५०. संकलितमध्ये तोंडी १० पैकी ९ आणि लेखी ३० पैकी १५. एकूण ७४. श्रेणीच्या तक्त्यात ७१ ते ८० म्हणजे ब-१. त्याच्या वर अ-२ आणि अ-१, खाली ब-२, मग क-१.

आता एकेक आकडा उघडून बघू. तोंडी कामात १४ का? पोरगं बोलण्यात तरबेज आहे. गोष्ट सांगताना हावभाव करतं, पोवाडा म्हणताना वर्ग गप्प करतं. हे गुण त्याचे हक्काचे. उपक्रम होता म्हणी गोळा करण्याचा. म्हणी आजीनं सांगितल्या, वहीत चुलतबहिणीनं लिहून दिल्या. स्वाध्याय फळ्यावरून उतरवलेला. अक्षर सुरेख, कारण तो अक्षरं लिहीत नाही, काढतो. रांगोळी काढावी तशी. छोट्या चाचणीचे प्रश्न मी आदल्या दिवशी वर्गात सोडवून घेतले होते. आणि पाठ्यपुस्तक? ते त्याला येतं. चौथीची मुलं शेजारी, सगळ्यांनी मोठ्यानं वाचायची पद्धत. तीन वेळा ऐकलं की त्याचं पाठ होतं. पानावर बोट बरोबर फिरतं, फक्त बोटाखाली कोणता शब्द आहे ते त्याला माहीत नसतं.

तो एकाच ठिकाणी उघडा पडला होता. लेखी पेपरात पुस्तकाबाहेरचा एक उतारा होता, त्यावर पाच गुण. त्याला मिळाला एक. बाकी जोड्या लावा, कविता पूर्ण करा, रिकाम्या जागा. त्यातले बरेचसे प्रश्न मी वाचून दाखवलेले. म्हणजे टंच निघाला होता, पाचात एक. मी तो चौऱ्याहत्तरमध्ये मिसळून टाकला. बेरीज केली की गुण दिसतात आणि खड्डा भरून जातो. आणि कार्डावर तर ७४ सुद्धा जात नाहीत, नुसता ब-१ जातो.

हे बेरजेचं दुखणं फक्त आकारिकचं आहे असं कुणी समजू नये. जुन्या शंभर गुणांच्या पेपरातही पाठांतरवाला पोरगा असाच निघून जायचा.

चौदा मुलं, एक परिच्छेद

मग मी चौदाही मुलांना एकेकटं ओसरीवर बसवलं. पुस्तकात नसलेला, दुसरीच्या पातळीचा एक परिच्छेद, आणि माझ्या मोबाईलचं घड्याळ. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून, असं लक्ष्य आहे. ते आमच्या भिंतीवर रंगवलेलंच आहे. तक्त्याखाली बसून मी ब-१ लिहिला होता.

हा मुलगा एकोणीस शब्दांवर थांबला. काना, मात्रा, वेलांटी येते. 'कमळ', 'पाणी', 'गाडी' झपाझप. जोडाक्षर आलं की दम लागतो, आणि र चे प्रकार म्हणजे भिंतच. 'प्रकाश'चा 'पकाश', 'सूर्य'चा 'सूय', 'ट्रक' तर त्यानं चाकांचं चित्र असतं तर ओळखला असता. नेमकं काय येत नाही हे कळायला सहा मिनिटं लागली. सहा महिने तो माझ्यासमोर होता.

आणखी चार मुलं तशीच निघाली. त्यातल्या तिघांना मी ब-२ आणि क-१ दिलं होतं, म्हणजे थोडा तरी वास आला होता. उरलेली एक मुलगी तर अ-२ होती. हे मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

त्याहून खटकलं ते उलटं उदाहरण. तिसरीतली एक अबोल मुलगी. घरात कानडी बोलतात, जत तालुक्यातून शेतमजुरीला आलेलं कुटुंब. तिनं परिच्छेद पंचाहत्तरच्या वेगानं वाचला आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं अगदी हळू आवाजात, पण सगळी बरोबर दिली. तिची श्रेणी होती ब-२, त्या मुलाच्या खाली. ती वर्गात बोलत नाही, म्हणून तोंडी कामात कमी, निरीक्षणात कमी. तिच्या आईला मी कार्ड देताना म्हणालो होतो, "वाचनाकडं जरा लक्ष द्या." ती माऊली मान हलवून गेली. त्या वाक्याचं मला अजून वाईट वाटतं.

कळवणं म्हणजे काय

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं आहेत. पालकांच्या नियमित बैठका घ्यायच्या आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, झालेली प्रगती यांची माहिती त्यांना द्यायची, असं त्यात स्पष्ट आहे. आम्ही बैठका घेतो. शाळा व्यवस्थापन समितीतही कायद्यानं तीन चतुर्थांश पालक असतात. पण माहिती जाते ती एकाच दिशेनं. पालकानं ऐकायचं, सही करायची. आमच्या कार्डावर आजीच्या अंगठ्याला जागा होती, आजीच्या आखाडापासूनच्या माहितीला नव्हती.

शिवाय ते कार्ड खरंतर कुणासाठी लिहिलं जातं? तपासणीला आलेल्या साहेबांना रकाने भरलेले दिसले पाहिजेत. 'वाचता येत नाही' असं लिहिलं तर पहिला प्रश्न येतो, मग तुम्ही काय केलं? 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे' यावर कुणी प्रश्न विचारत नाही. मी कुणाच्या दबावाखाली तसं लिहिलं असं म्हणणार नाही. सवयीनं लिहिलं.

मॅडमची अडचण व्यवहारी होती. "वेगळं काही करायचं तर नोंदवहीत कुठं बसवणार?" बसत होतं. आकारिकच्या साधनांपैकी कोणतं वापरायचं आणि त्याला किती गुण ठेवायचे, हे शिक्षकानंच ठरवायचं असतं. दुसऱ्या सत्रात मी मराठीच्या ६० मधले २० गुण प्रात्यक्षिक म्हणून अनोळखी मजकूर वाचण्याला ठेवले. उपक्रमाला सुट्टी दिली आणि निरीक्षण पाच गुणांवर आणलं. कार्डाचा नमुना मी बदलू शकत नव्हतो. त्याच्या पाकिटात अर्ध्या पानाची एक चिठ्ठी घालायची ठरली. तिच्यात श्रेणी नाही, शेरा नाही. मूल आज काय वाचू शकतं, कुठं अडतं, आणि घरी ते कसं बघायचं, एवढंच. या मुलाच्या चिठ्ठीत होतं: 'साधे शब्द वाचतो. जोडाक्षर आणि र अडतो. रोज पाच ओळी नवीन मजकूर वाचून घ्या. जिथं थांबेल त्या शब्दाखाली रेघ मारा.'

चिठ्ठी घेऊन आजीकडे गेलो आणि तिथंच लक्षात आलं की रेघ मारायला आजीला शब्द कुठं संपतो ते कळायला हवं. मी ओशाळलो. आजीनंच वाट काढली. "मला वाचाय येत न्हाई, पर थांबलेलं कळतंय की. गाडी चढावर दमली तर बसलेल्याला कळत न्हाई व्हय?" थांबला की एक फुटाणा वाटीत, असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी पोराबरोबर निरोप आला, सतरा.

मूल्यमापनाचं साधन म्हणून मला ते माझ्या नोंदवहीपेक्षा सरस वाटलं. रोजचं, फुकट, आणि घरातल्या माणसाच्या हातातलं. एका आठवड्यात आकडा सतरावरून अकरावर आला. मग अचानक वीस, बावीस, चोवीस. मी मजकूर अवघड दिला का? तसं नव्हतं. मोजून झाले की वाटीतले फुटाणे तो खायचा. पठ्ठ्या मुद्दाम अडखळत होता! आजीनं फुटाणे बंद करून चिंचोके आणले, आणि आकडा चार दिवसांत नऊवर. परीक्षेला बक्षीस जोडलं की परीक्षा काय मोजते हे बदलतं, यावर शिक्षक प्रशिक्षणात मी दोन तासांचं सत्र ऐकलं होतं. चिंचोक्यांनी ते लवकर समजावलं.

वडिलांसाठी वेगळी सोय. शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी एका मिनिटाचं वाचन मोबाईलवर रेकॉर्ड करायचं आणि पाठवायचं. इथं माझी चूक झाली. पहिल्या शनिवारी सगळ्यांची रेकॉर्डिंग पालकांच्या ग्रुपवर टाकली. दुपारपर्यंत एका पालकानं दुसऱ्याच्या पोराच्या आवाजाखाली हसण्याचं चिन्ह टाकलं होतं, आणि सोमवारी चौथीतला एक मुलगा वाचायला उठेना. आठवडाभर उठला नाही. त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. नंतर प्रत्येकाचं ज्याचं त्याला. वेळ जास्त जातो, शनिवारी घरी जायला एक वाजतो, पण त्याला इलाज नाही.

कोइंबतूरहून रविवारी रात्री फोन यायचा. आधी मुलाला, मग मला. पहिले दोन-तीन फोन 'किती झालं, सर?' एवढेच. पुढं वडील स्वतः ऐकून सांगायला लागले. "'व्यापारी' नीट म्हनला, पण 'दुर्गम'ला परत 'दुगम'." मी तो शब्द ऐकताना सोडून दिला होता.

अबोल मुलीच्या घरी मी चिठ्ठी न पाठवता स्वतः गेलो. आईला सांगितलं की वर्गात सगळ्यात चांगलं वाचन हिचं आहे, मी चुकीचं बोललो होतो. आईनं तिच्याकडं बघितलं आणि कानडीत काहीतरी म्हणाली. मुलगी लाजली. काय म्हणाली ते मी विचारलं नाही.

१ मे

झेंडावंदन झालं, मुलांना चॉकलेट वाटली आणि निकाल द्यायला बसलो. मुलाचं वाचन एकोणीसवरून मिनिटाला सेहेचाळीस शब्दांवर आलं होतं. साठ नाही. र अजून अधूनमधून सांडतो. पण वाचतो. बनवून सांगत नाही, अडला तर 'हे येत नाही' म्हणतो.

आणि श्रेणी? निरीक्षण ५ पैकी ४, बोलणं १० पैकी ९, अनोळखी वाचन २० पैकी ११, चाचणी १५ पैकी ८ (या वेळी आदल्या दिवशी काही सोडवून घेतलं नव्हतं), स्वाध्याय १० पैकी ८. आकारिक ४०. संकलित ८ आणि १६. एकूण ६४. म्हणजे ब-२.

वाचन दुपटीहून जास्त वाढलं आणि कार्डावर मुलगा एक पायरी खाली आला. कार्डाचा फोटो नुसता पाठवून चालणार नव्हतं. मी फोन लावला. अर्धा तास लागला, कारण आधी दोन्ही सत्रांचे आकडे सांगितले, मग कोणता आकडा कशाचा ते, मग शनिवारची पहिली आणि शेवटची रेकॉर्डिंग. वडिलांनी मध्ये एकदाच विचारलं, "पाचवीला आता परीक्षा हाय म्हनत्यात, अडकवत्यात म्हनं?" खरं आहे. कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यानं २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. त्यात राहिला तर पुन्हा परीक्षा, त्यातही राहिला तर त्याच वर्गात. हे त्यांना सांगितलं. म्हणजे हातात चौथीचं एक वर्ष पूर्ण आणि पाचवीचं परीक्षेपर्यंतचं. "मग ब-२ च असू द्या," ते म्हणाले. "पण दिवाळीत आलो की मी पत्रिका वाचाय देनार."

आजी अंगठा द्यायला आली होती. मी शाईचा पॅड पुढं केला. तिनं हात मागं घेतला आणि कार्ड नातवापुढं सरकवलं. "आदी वाच, काय लिवलंय." तो वाचायला लागला. स्वतःचं नाव, शाळेचं नाव, इयत्ता. मग कार्डावरची छापील ओळ आली, 'सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन'. पहिल्या शब्दाला थांबला, परत मागं गेला, 'पूर्ण'चा र धरला आणि पुढं निघाला. दुसऱ्याला परत थांबला.

आजीनं पदराच्या गाठीतून दोन चिंचोके काढून माझ्या टेबलावर ठेवले.